एका कागदावर आठ फोटो

खोटंच सांगायचं असतं, तर मी यात स्वतःला जरा तरी चांगलं दाखवलं असतं.

तसं काही केलेलं नाही. घडलं तेच लिहितेय.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. गेल्या वर्षीची, मे महिन्यातली भर दुपार होती. बेळगावातलं वडगाव, आमचं दोन खोल्यांचं घर, आणि भिंतीला लागून शेजारच्या मारुतीरावांचे यंत्रमाग.

त्या मागांचा आवाज दिवसभर चालू असतो. खटक-खटक... खटक-खटक... सवय झाली की ऐकू येत नाही. थांबला, की मात्र लगेच कळतं.

मी हायस्कूलला शिकवते. शाळेला सुट्टी होती. माझे मिस्टर दीपंकर उद्यमबागला कामावर गेले होते. लेक मैत्री मैत्रिणीकडे खेळायला गेली होती. घरात मी एकटीच.

दाराला आतून कडी लावून मी लॅपटॉप घेऊन बसले होते. आम्ही तिघं लुंबिनीला जाणार होतो. सहलवाल्यांना सगळ्यांचे फोटो हवे होते. घरी प्रिंटर होता, फोटोचा कागद होता. म्हटलं, स्टुडिओत कशाला जायचं?

भिंतीवर पांढरी चादर लावून मी मोबाईलवर सगळ्यांचे फोटो काढले होते. आता ते एका कागदावर बसवायचे होते. वर चार, खाली चार; त्या दोघांचे तीन-तीन, माझे दोन.

सोपं वाटलं होतं. पण एक नीट बसवला की दुसरा सरकायचा. माझा फोटो तर ताणला जाऊन तोंड लांबडं दिसत होतं. डोकं तापलं होतं.

आणि मला शिंक आली.

तंबाखूचा वास... उग्र, नाकात झोंबणारा.

मी मागे वळले नाही. वास ओळखीचा होता. थोरली आई आली होती.

थोरली आई म्हणजे दीपंकरची मोठी चुलती, पारूबाई. त्यांची आई लहानपणीच गेली. हिनंच त्यांना वाढवलं. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून इंजिनिअर केलं. काम सोडून कितीतरी वर्षं झाली, तरी तिच्या अंगाचा वास गेला नव्हता. निपाणीजवळच्या गावात ती एकटीच राहायची. मनात आलं की बसनं यायची, कुणाला न कळवता.

मागची कॉट करकरली. ती बसली असावी.

"काय करतीयास गं, पारमिता?"

"फोटो बसवतेय, थोरली आई. एका कागदावर आठ."

"माजा बी एक बसतोय का बग की."

मी स्क्रीनवरून नजर हटवली नाही.

"जागा नाही हो. आठच बसतात."

"बारका असला तरी चालंल."

त्या वेळी फोटो पुन्हा सरकला. आणि माझ्या तोंडून ते गेलं...

"तुम्हाला कशाला हवाय आता फोटो? तुम्हाला कुठं जायचंय?"

भिंतीपलीकडचे माग थांबले.

एकदम. सगळे.

लाईट गेली असेल म्हणून मी वर पाहिलं. पंखा फिरत होता.

त्या शांततेत ती अगदी हळू म्हणाली, "जायाचंच हाय की गं."

तिला लागलं असणार, हे मला कळलं. चहा ठेवते, मग बोलू, असं मनात म्हटलं. आधी प्रिंट दिली. प्रिंटर घरघरला.

तेवढ्यात मोबाईल वाजला. तिच्या गावचे भीमाप्पा होते.

"वैनी, दीपंकर फोन उचलंना. पारूबाई गेली..."

"गेली कुठं? इथं..."

मी मागे वळले.

कॉट रिकामी होती. चादरीला एक सुरकुती नव्हती.

"सकाळीच गेली हो," भीमाप्पा सांगत होते. "उंबऱ्यावर बसल्याली दिसली. आमाला वाटलं, बसची वाट बगत्या. दुपारी हाक मारली तर..."

मी दाराशी धावले. कडी आतून लावलेलीच होती.

आणि भिंतीपलीकडे माग चालू होते. खटक-खटक... खटक-खटक... नंतर मी मारुतीरावांना विचारलं, त्या दुपारी माग बंद केलेले का? ते म्हणाले, "न्हाय की. जेवायला बी उटलो न्हवतो."

आम्ही तिच्या गावी पोचलो तेव्हा तिला ओट्यावर ठेवलं होतं. नवं लुगडं, केस चापून विंचरलेले. जणू कुणाकडे पाहुणी निघाली होती.

शेजारच्या रुक्माबाई माझा हात धरून रडत होत्या.

"कालच म्हणत हुती बग. उद्या बेळगावला जातो, सुनंकडनं एक चांगला फोटो काडून घेतो. मेल्यावर भिंतीवर लावायला पायजे म्हणत हुती. पोरगं सारखं माजं त्वांड आटवत बसंल, त्याला तेवडंच बरं..."

मी हात सोडवून घेतला. त्यांच्याकडे बघवेना.

तिच्या जलदान विधीत मांडायला दीपंकरनी फोटो शोधला. अख्खं घर शोधलं. आमच्या लग्नाच्या अल्बममध्येही ती नव्हती. पंगतीच्या मागे, चुलीपाशी होती म्हणे. आधार कार्डावरचं तोंड नुसतं काळं.

"तुझ्या मोबाईलमध्ये असंल की," ते म्हणाले.

माझ्या मोबाईलमध्ये हजारो फोटो आहेत. डब्यांचे, रांगोळ्यांचे, मैत्रीच्या मांजराचे. तिचा कुठं खांदा सापडला, कुठं पदराचं टोक. तोंड कुठंच नाही.

त्यांनी मोबाईल परत माझ्या हातात दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

वडगावला परत आल्यावर मी प्रिंटरमधला कागद उचलला.

सात फोटो बरोबर होते.

आठवी चौकट रिकामी... तिथे मी असायला हवी होते. तिथे फक्त मागची पांढरी चादर होती. आणि चादर एका बाजूनं ओढल्यासारखी, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी.

लॅपटॉपवर पाहिलं. आठही फोटो जागेवर.

पुन्हा छापलं. सात.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन शहापूरच्या एका स्टुडिओत गेले. तिथल्या माणसानं कागद माझ्यासमोर धरला.

"मॅडम, ही एक जागा मुद्दाम सोडलीय काय?"

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

लुंबिनीला आम्ही गेलो नाही. प्रिंटर विकून टाकला. तरी भर दुपारी कधीतरी नाकात तो वास येतो, आणि मी पाठीमागे न बघता चटकन जागेवरून उठते. बसायला जागा करून देते... कुणाला, ते माहीत नाही.

यातलं दीपंकरना मी काहीही सांगितलेलं नाही. भुताटकीची भीती वाटते म्हणून नाही. मी तिला काय बोलले, ते सांगावं लागेल म्हणून.

त्यांना एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. ती उंबऱ्यावर एकटीच गेली, जवळ कुणी नव्हतं. अजूनही जेवता जेवता त्यांचा हात थांबतो.

"शेवटी कुणाशी दोन शब्द तरी बोलली असंल का गं ती?"

मी त्यांच्या ताटात भाकरी वाढते आणि म्हणते, "कुणास ठाऊक."