भिंतीमागचं पाणी

"ओ, ते काय करताय तुम्ही?"

हेमांगीने स्कूटर बंदही केली नव्हती. शीळफाट्याला गाड्या तुंबलेल्या, म्हणून डोंबिवलीहून निघालेली ती डोंगराच्या पायथ्याच्या आतल्या रस्त्याने ठाण्यातल्या भूगर्भ तपासणीच्या ऑफिसकडे चालली होती. मे महिन्याचं अकराचं ऊन. रस्त्याच्या एका बाजूला उभा कापलेला डोंगर, आणि तो खाली येऊ नये म्हणून बांधलेली दोन माणसं उंच काँक्रीटची भिंत. भिंतीला परांची बांधून एक तरुण चित्र काढत होता. त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. पण रंगाआधी तो भिंतीतल्या गोल भोकांत गोणपाट कोंबत होता आणि वरून सिमेंटचा हात फिरवत होता.

"भिंत सपाट करतोय," वरून उत्तर आलं. "खड्ड्यावर रंग बसत नाय."

"ते खड्डे नाहीत."

"मग काय, उंदरांची बिळं?"

हेमांगीने हेल्मेट काढलं. ती असं सावकाश हेल्मेट काढायला लागली की समोरच्याचं काही खरं नाही, हे तिच्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं.

"खाली या."

तो आला. रंगाने माखलेला टी-शर्ट, कानामागे ब्रश, आणि चिडलेल्या माणसाकडे पाहताना मजा वाटत असावी असे डोळे. तिला ते डोळे अजिबात आवडले नाहीत... निदान तिने स्वतःला तसं सांगितलं.

भिंत संपते तिथे डोंगर उघडा होता. तिने त्यातून एक तांबूस गोटा उपसला आणि बोटांनी दाबला. कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटत गेले, आणि शेवटी मुठीत माती उरली.

"हा काळा दगड होता. घाटात असतो तसला, हातोडा उडवून लावणारा. पाणी भेगांत शिरलं आणि याला थर थर करून सोलत गेलं. हजारो वर्षं. आता त्याचा मुरूम झालाय. पावसात हा अख्खा डोंगर पाणी पितो, आणि ते बाहेर पडायला ही भोकं ठेवतात. ती बुजवली तर पाणी मागे साठणार आणि भिंतीला पुढे ढकलणार. मग ही भिंत कुठे जाईल?"

त्याने तिच्या नजरेच्या दिशेने मागे वळून पाहिलं. रस्त्यापलीकडे पत्र्याच्या छपरांची दहा घरं होती. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"तिसरं घर माझं," तो म्हणाला. "आजोबा असतात आत."

त्याचं नाव हर्षित भोईर. डोंगराचा हा तुकडा एके काळी त्याच्या आजोबांचा, राघो भोईरांचा. ते त्यावर नाचणी आणि वरी लावायचे. मग वरच्या टॉवरसाठी जमीन गेली, डोंगर कापला गेला, आणि आता त्या कापलेल्या अंगावरच्या भिंतीवर 'निसर्गचित्र' काढायचं काम नातवाला मिळालं होतं. भोकं बुजवायला ठेकेदाराच्या सुपरवायझरने, साकेतने सांगितलं होतं.

"साकेतला विचारतो," हर्षित म्हणाला.

"विचारायचं काय त्यात? उघडा ती."

त्या संध्याकाळी ती घरी शिरली तेव्हा आई, सरोजताई, भाजी निवडत होती. तिने मान वर न करताच विचारलं, "आज कोणावर?"

"एका पेंटरवर," हेमांगी म्हणाली, आणि चप्पल काढताना उगाचच थांबली.

दुसऱ्या दिवशी शीळफाट्याला गर्दी नव्हती. तरी ती आतल्याच रस्त्याने गेली. वीसेक भोकं उघडली होती आणि हर्षितच्या अंगठ्यावर पट्टी होती. आनंद व्हायला हवा होता, पण तिचं लक्ष चित्राकडे गेलं आणि ती पुन्हा भडकली. भिंतभर त्रिकोणी, टोकदार, बर्फाच्या टोप्या घातलेले डोंगर.

"हे कुठले?"

"डोंगर आहेत. शाळेत काढतो तसे."

"शाळेत चुकीचे काढतो. टोकदार डोंगर हिमालयात. तिथे दोन जमिनी एकमेकींवर आदळल्या, वळ्या पडून वर उचलल्या गेल्या, अजून उचलल्या जातायत. आपल्याकडे तसं काही झालंच नाही. लाव्हा पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा पसरला. थरावर थर. मग पावसाने आणि नद्यांनी त्यात दऱ्या कापल्या. जे कापलं गेलं नाही त्याला आपण डोंगर म्हणतो. त्याला माथा असतो सपाट आणि अंगाला पायऱ्या असतात."

हर्षितने ब्रश पाण्यात बुडवला. "एक विचारू? तुमचा राग कसला, हिमालयातला का इथला? वर वर जाणारा... का झिजणारा?"

"तुम्ही काम करा."

"करतोय ना. अंदाज घेऊन ठेवलेला बरा."

तिने स्कूटर चालू केली. ठाण्यातल्या माजिवड्यापर्यंत तिला हसू आवरत नव्हतं, आणि हसू येतंय याचा राग येत होता.

जूनभर ती त्याच रस्त्याने गेली. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. त्याने हिमालय पुसला आणि पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर काढला, आजोबांना विचारून विचारून... कुठे करवंदाची जाळी होती, कुठे ओढा उतरायचा. 'मॅडम'ची हेमांगी झाली, 'तुम्ही'चं 'तू' झालं. भोकांभोवती त्याने दगडातल्या कपारी रंगवल्या, म्हणजे ती चित्रात मिसळून गेली. तिला ते इतकं आवडलं की तिने फक्त "बरं आहे" म्हटलं.

एकदा चहा पिताना त्याने विचारलं, "तू एवढी चिडतेस कोणावर? खरं सांग. माझ्यावर तर नाय."

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "गेल्या वर्षी या उताराचा अहवाल मीच लिहिलेला. 'धोकादायक' असं लिहिलं होतं. आमच्या साहेबांनी त्याचं 'निरीक्षणाखाली ठेवावे' केलं. आणि मी सही केली, हर्षित. नवी नोकरी होती, भांडायचं सुचलं नाही. तेव्हापासून सुचतंय, रोज सुचतंय, पण भलत्याच माणसांशी."

 तिच्या बाहीला लागलेला रंग त्याने अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला, आणि तो आणखीच पसरला.

"बेचाळीसच्या बेचाळीस उघडलीत," तो म्हणाला. "तू आता शांत झोप."

भिंतीच्या पूर्वेच्या टोकाला मात्र त्याने निळं प्लास्टिक बांधून ठेवलं होतं. तिथलं काम बाकी आहे, चित्राच्या उद्घाटनालाच दाखवीन, म्हणायचा. तिने विश्वास ठेवला.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस पाऊस थांबलाच नाही. चौथ्या दिवशी दुपारी हेमांगी ऑफिसातून उठली आणि थेट भिंतीपाशी आली. उद्घाटन दोन दिवसांवर होतं. रेनकोटातून पाणी आत शिरत होतं, आणि भिंतीच्या भोकांमधून गढूळ धारा रस्त्यावर पडत होत्या. तिने मोजायला सुरुवात केली. चौतीस... पस्तीस... छत्तीस. पुढे निळं प्लास्टिक. तिने ते उचकटलं.

तिथे डोंगराच्या माथ्याकडे जाणारी एक मुलगी होती. पाठमोरी, पण मान वळवून मागे पाहणारी. पिवळं हेल्मेट काखेत, कपाळावर आठी, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू. कोणी आपल्याकडे इतकं लक्षपूर्वक कधी पाहिलं असेल, असं तिला वाटलं नव्हतं. क्षणभर तिला पाऊसही ऐकू येईना.

मग तिने त्या मुलीच्या अंगावरून हात फिरवला. गालावर एक गोल उंचवटा, खांद्याजवळ दुसरा, पायांशी आणखी. सहा भोकं. सहाही बंद. आणि मुलीच्या डोक्यापासून खाली निघालेली, करंगळी जाईल एवढी भेग.

हर्षित घरातून धावत येत होता.

"बेचाळीस म्हणाला होतास," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो जागच्या जागी थांबला.

"सहाच होती गं... उघडली असती तर तुझा चेहरा..."

"तुझे आजोबा या भिंतीखाली झोपतात, हर्षित. दहा घरं आहेत. आणि तू माझ्या चेहऱ्यासाठी पाणी अडवलंस? माझ्या साहेबांनी निदान नोकरीसाठी खोटं लिहिलं. तू प्रेमासाठी खोटं बोललास म्हणून ते पाणी कमी जड होतं का?"

प्रेम हा शब्द दोघांपैकी कोणीही तोवर उच्चारला नव्हता. तो तिच्याच तोंडून, असा, भांडणात निघाला.

"आधी सगळ्यांना बाहेर काढ," ती म्हणाली. "समाजमंदिरात ने. मग छिन्नी, हातोडा आणि हुक आण."

घरं रिकामी व्हायला वीस मिनिटं लागली. राघो आजोबा निघायला तयार नव्हते. "मना काय व्हतंय," म्हणत बसले होते. हर्षितने त्यांना सरळ पाठीवर घेतलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. साकेत होता; कोणीतरी त्याला कळवलं होतं. भिंतीला कोणी हात लावायचा नाही, उद्घाटनाला पाहुणे येणार आहेत, असं तो ओरडत होता. हेमांगीने फोन हातात घेतला.

"पाहुण्यांना आत्ताच घेऊन या," ती म्हणाली, "आणि भेगेखाली उभं करा." मग तिने फोन बंद केला, हर्षितच्या खिशात टाकला आणि महापालिकेच्या आपत्ती कक्षाला स्वतःचा फोन लावला. नाव, पद, जागा, आणि गेल्या वर्षी खोडू दिलेला शब्द... धोकादायक. दोनदा सांगितला.

छिन्नी हर्षितच्या हातात होती. तो चित्रासमोर उभा राहिला आणि त्याचा हात उठेना.

"दे इकडे," हेमांगी म्हणाली. "बाजूला हो. समोर उभा राहू नकोस."

पहिला घाव तिने स्वतःच्या रंगवलेल्या खांद्यावर घातला. सिमेंटचा पोपडा उडाला, कुजलेलं गोणपाट दिसलं. तिने ते हुकाने ओढलं आणि लाल पाण्याची जाड धार सुसाट बाहेर आली. बाजूला असूनही ती डोक्यापासून पायापर्यंत भिजली. दुसरं भोक त्याने फोडलं. तिसरं तिने.  सहाव्याला पिवळं हेल्मेट, आठी, हसू, सगळं लगद्यासारखं खाली आलं, आणि धारा रस्ता ओलांडून त्याच्या घराच्या उंबऱ्याला लागल्या.

भिंत पडली नाही. चार बोटं पुढे झुकली होती, तिथेच राहिली. तासाभरात महापालिकेची माणसं आली, रस्ता बंद झाला, भिंतीला टेकू लागले. त्यांच्या इंजिनिअरने, नीला मॅडमनी, भेग पाहिली, धारा पाहिल्या आणि त्या म्हणाल्या, "मागे पाणी अजून एक रात्र साठलं असतं तर..." त्यांनी रिकाम्या घरांकडे पाहिलं.

समाजमंदिराच्या ओट्यावर हेमांगी लॅपटॉप उघडून बसली. गेल्या वर्षीचा मूळ अहवाल, आजचे फोटो, खाली तिचं एकटीचं नाव. साहेबांसकट सगळ्यांना पाठवून तिने झाकण मिटलं. मग हर्षित शेजारी येऊन बसला, मधे हातभर अंतर ठेवून.

"मी चुकलो," तो म्हणाला. "कारण सांगणार नाय. चुकलो."

"हो."

"आता माझ्याशी बोलणार नाहीस?"

"बोलतेय ना." तिने ओल्या केसांतला मुरूम झटकला. राग अजून होता, पुरेपूर होता. पण तिच्या लक्षात आलं, की हा राग घेऊन इथून उठून जावंसं तिला वाटत नव्हतं. "माझं चित्र काढायचं असेल तर आधी मला विचारायचं."

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हणाले असते."

"आणि आता विचारलं तर?"

"चित्राला आताही नाहीच म्हणेन." ती थांबली. समोर पाऊस पडत होता. "बाकीचं विचार."

ज्याच्याकडे आजवर प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असायचं, त्या हर्षित भोईरने खिशातला बंद फोन काढला आणि उगाच परत आत ठेवला. 

"लवकर विचार," हेमांगी म्हणाली. "साहेबांचा फोन येईल आता, मला भांडायचंय."

आणि मधलं हातभर अंतर तिनेच सरकून संपवलं.