आत्याचं सोंग

समाजकल्याण कचेरीचा नवा तपासनीस त्या घरी पहिल्यांदा आला, तेव्हा त्याने तपासलं ते भलत्याच माणसाला!

त्याचा तरी काय दोष? पलंगावर ती पडली होती, आत्याला सांभाळणारी भाची, तापाने फणफणलेली. आणि जिचे पाय गेले म्हणून सरकार देखभालीचा भत्ता देत होतं, ती आत्या शेजारी खुर्चीत ताठ बसून लोकर विणत होती. बाहेर भुरभुर पाऊस. छत्री दाराशी ठेवून तो पलंगाजवळच्या स्टुलावर बसला आणि मान खाली घालून ठरलेले प्रश्न विचारू लागला.

"जेवण जातं का?"

"जातं... केलं तर."

"झोप?"

"तुकड्यातुकड्यांनी."

"दिवसभरात कुणाशी बोलणं होतं?"

"आत्याशी. म्हणजे, आत्या बोलते, मी ऐकते."

"आणखी कुणी?"

ती आठवू लागली. मैत्रिणी लग्न करून पांगल्या होत्या. शेजारी यायचे ते आत्याची चौकशी करायला. तिची चौकशी कुणी केलीच नव्हती. "कुणी नाही," ती म्हणाली, आणि उगाचच तिचे डोळे भरून आले.

त्याने वर पाहिलं. मग कागदाकडे. मग पुन्हा तिच्याकडे. "वय... अठ्ठ्याहत्तर?"

आत्या खुदकन हसली. "म्हटलं बघूया, साहेबांच्या कधी लक्षात येतंय!"

त्याचे कान लालबुंद झाले. "तब्येत छान राखलीये," तो पुटपुटला, आणि तापातही तिला हसू फुटलं.

तपासनीस कधी येणार ते आधी कळवत नसत. त्यामुळे ती आता रोजच नीट वेणी घालू लागली. दारावर थाप पडली की धावायची. बहुतेक वेळा कुणीतरी पत्ता चुकलेला असायचा. मग उरलेली संध्याकाळ जाता जायची नाही.

तो आला की आत्याचं उत्तर ठरलेलं, "मी ठणठणीत आहे. पायच तेवढे ऐकत नाहीत."

"आत्यांचे प्रश्न संपले," तो म्हणायचा.

"आणि माझे?"

"तुमचे कागदावर नाहीत."

"मग मनाने विचारा की!"

"बरं... शेवटचं कधी हसलात?"

"मागे तुमचे कान लाल झाले होते ना, तेव्हा."

एकदा तो जाता जाता थांबला. "मला तुम्हाला एक—" म्हणाला, हातातल्या कागदांकडे पाहिलं आणि तसाच निघून गेला. ते अर्धं वाक्य ती कितीतरी दिवस मनातल्या मनात पुरं करत राहिली.

मग कचेरीत सुधारणेचं वारं शिरलं. तपासनीस फिरकत नाहीत, भत्ते अडकून पडतात, अशी लोकांची ओरड होती, आणि ती खरीच होती. आता घरोघरी फोन येणार, यंत्र प्रश्न विचारणार. ज्यांना हातही हलवता येत नाही, त्यांच्याकडेच तपासनीस जाणार. सगळीकडे आनंदीआनंद! तिने मात्र त्या दिवशी वेणीच घातली नाही.

शेवटच्या भेटीला तो आला, तर आत्या पलंगावर आडवी.

"साहेब... हात उचलवतच नाहीत हो," आत्या कण्हली. "दिसतही नाही. कोण आलंय?"

"आत्ताच साहेब म्हणालात ना मला?"

"आवाजावरून!"

ती दारात श्वास रोखून उभी. आत्याचं सोंग तिला कळत होतं, त्यालाही कळत होतं. पण त्याने 'गंभीर' एवढा एक शब्द लिहिला असता, तर त्याचं येणं सुरू राहिलं असतं. लिही ना, ती मनात म्हणत होती, लिही.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "हात चालतात. प्रकृती स्थिर." खाली सही ठोकली.

"मेला!" आत्या उठून बसली.

ती त्याच्यामागे दाराबाहेर आली. "एकच तर शब्द लिहायचा होता. यायचंच नव्हतं, तर तसं—"

"यायचं होतं, म्हणूनच नाही लिहिला." तो अडखळला. "तुमचा भत्ता माझ्या सहीवर चालायचा. मी मनातलं बोललो असतो, तर तुम्हाला नाही म्हणता आलं असतं?"

तिने नाही अशी मान हलवली.

"आता येईल. मला तुम्ही आवडता... खूप. उद्या कचेरी सुटल्यावर येऊ? नाही म्हणालात, तरी भत्त्याला धक्का नाही."

"धक्का मला बसलाय," ती कशीबशी म्हणाली.

"म्हणजे... नको?"

"म्हणजे... तुमची कचेरी जरा लवकर नाही का सुटत?"

त्याचे कान पुन्हा लाल झाले. पायऱ्या उतरताना तो दोनदा ठेचकाळला, आणि ती तो दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

"गेला का गं?" आतून आत्याचा आवाज आला. "माझी सगळी मेहनत पाण्यात!"

"उद्या येतोय, आत्या."

"आता कशाला? मी ठणठणीत आहे, लिहून गेलाय ना?"

"तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी." आणि पलंगाच्या कडेला बसून ती हमसून हमसून रडू लागली.