शेवटी येणाऱ्याने मालवायचा तारा

हे खरोखर घडलेलं आहे. पटलं नाही तर सोडून द्यावं. जिच्या बाबतीत घडलं, तिलाही ते अजून पटलेलं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. दुसऱ्या मजल्यावरचं घर. घरात दोघीच... आई आणि मुलगी.

वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्मभर लोकांना वर पोचवलं आणि स्वतः बिनलिफ्टच्या इमारतीत राहिले, असं आई चारचौघांत सांगून हसायची. सणाच्या दिवसांत लिफ्ट हमखास अडकायच्या. सगळ्यांत उशिरा घरी यायचे ते वडीलच.

म्हणून त्या घराची एक रीत होती. डिसेंबर लागला की वडील रस्त्याकडच्या खिडकीत कागदाचा लाल तारा टांगायचे. दिवस मावळला की त्यातला दिवा लावायचा, आणि घरातलं जे माणूस शेवटी येईल त्यानेच तो मालवायचा. तारा पेटलेला दिसला की समजावं, अजून कुणीतरी बाहेर आहे. त्याची वाट पाहणारंही कुणी आहे.

या वर्षी वडिलांनी तारा टांगला, लावून पाहिला आणि कामावर गेले.

दुपारी लिफ्टच्या मशीनघरात त्यांचं हृदय थांबलं.

तेव्हापासून तारा जळत होता, आई मालवू देईना. दिवसाउजेडीसुद्धा.

आई पलंगाला पाठ लावेना. दाराशी खुर्ची टाकून बसायची. डोळे खोल गेले होते. असंच चाललं तर तीही हातची जाईल, हे मुलीला दिसत होतं.

“दिवा लावून ठेवला म्हणून गेलेलं माणूस परत येत नाही, आई.”

“आणि मालवला तर येतं?”



मग जिना वाजू लागला...

रोज तिन्हीसांजेला. पावलं पहिल्या मजल्याच्या वळणावर येऊन थांबायची. वडील तिथेच दम खायचे.

“शेजारी असतील,” मुलगी म्हणाली.

“शेजारी गावाला गेलेत. त्यांची किल्ली माझ्याकडे आहे.”

मुलीने दार उघडलं.

कुणी नव्हतं. जिना नुकताच फिनाईलने पुसलेला, पायऱ्या अजून ओल्या. पण वास...

कसलाच नव्हता. फिनाईलचासुद्धा.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिने एक युक्ती काढली.

“मी बाहेर चक्कर मारून येते. परत आले की शेवटची मीच. मग तारा मीच मालवणार. रीत तुमचीच आहे.”



“वकील व्हायची राहिलीस तू,” आई म्हणाली. “जा. पण कान झाक, वारं आहे.”

रस्त्यावर दुकानं आवरत होती. चर्चमधून गाण्याची तालीम ऐकू येत होती. खिडक्याखिडक्यांत दिवे होते. एरवी ते पाहून तिला बरं वाटायचं. आज वाटलं, प्रत्येक दिवा म्हणजे बोलावणं. ते नेमकं कोणाच्या कानी जाईल, हे लावणाऱ्याला कुठे ठाऊक असतं?

ती पाव घेऊन वळली. वर खिडकीत तारा होता. लाल, स्थिर.

तिच्या डोळ्यांदेखत तो मालवला.

आईनेच मालवला असणार. तिला हायसं वाटलं. आणि थोडं वाईटही.

ती जिना चढू लागली. वळणावर तिचा पाय आपोआप थांबला. वरून आईचं बोलणं ऐकू येत होतं. मध्येच हसणंही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

फोनवर असेल.

फोन तर तिच्याच पर्समध्ये होता... आईने रिचार्जसाठी दिलेला.

तिने बेल वाजवली.

हसणं थांबलं.

“बघ गं, कोण आलंय,” आई आत कुणाला तरी म्हणाली. आवाज दुरून आला. स्वयंपाकघरातून.

आतून कडी निघाली. दार उघडलं.

दारापाशी कुणी नव्हतं.

आतल्या बोळाच्या त्या टोकाला आई उभी होती. हात पिठाने भरलेले.

“तू?” आई म्हणाली. “मग मघाशी आली ती...”

तिने मुलीकडे पाहिलं. मग मुलीच्या शेजारी, जिथे कुणी नव्हतं, तिथे पाहिलं. आणि तिचा चेहरा हळूहळू निवळला.

“ये. आले सगळे.”

त्या रात्री आई पलंगावर झोपली. गाढ. आता तिची तब्येत सुधारली आहे, भूकही लागते. मुलीला तेच तर हवं होतं.

मघाशी कोण आलं होतं, हे मुलीने विचारलं नाही. आईनेही सांगितलं नाही.

फक्त एक झालं आहे. आई दुसऱ्या खोलीतून “अगं” अशी हाक मारते, तेव्हा मुलगी लगेच ओ देत नाही.

आधी थांबते...

आणखी कुणी ओ देतंय का, ते ऐकते.