बाबांच्या खोलीतला पाहुणा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर द्या सोडून. मीही भूतबित मानणारा नव्हतो. पण गेल्या मार्गशीर्षात, मूल तालुक्यातल्या आमच्या गावी, भर दुपारी जे पाहिलं ते खोटं नाही.

माझे बाबा, गुणवंतराव, धान चुरताना खळ्यातच पडले. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या देठाचा रक्तपुरवठा बंद पडलाय. हात, पाय, वाचा, सगळं गेलं. ऐकू येतं, समजतं, पण डोळे फक्त वर-खाली होतात. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही.

"आडवे फिरणार नाहीत," डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी ऊर्जानगरहून सुट्टी टाकून आलो. त्या दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी काही विचारलं नव्हतं. तरी बाबांची नजर वर गेली...

मग खाली.

परत वर.

हे उत्तर कोणाला देत होते?

दारात कोणी नव्हतं. वळून पाहिलं, तर त्यांचे डोळे आडवे सरकत होते... दारापासून खाटेच्या पायथ्यापर्यंत. कोणी चालत येतंय, तसे.

आईला सांगितलं. वाटलं, घाबरेल. तिने पाण्याचा लोटा भरून खाटेजवळ ठेवला.

"कोनाले देऊन राह्यली?" मी चिडलो.

"घरी आलेल्याले पानी तं द्याच लागते ना, बापा."

अर्ध्या तासाने लोटा रिकामा. खाली ओल नाही.

मला आईचाच संशय आला. दुसऱ्या दिवशी लोटा भरला, आतून कडी लावली आणि स्वतः बसलो. बाबांचा घाम पुसायला मान वळवली, तेवढ्यात... रिकामा.

पाणी पाजून आम्हीच त्याला पाहुणा केलं होतं. आता हाकलायचं कसं?

मी वाकलो. "बाबा, कोनी आलं हाय?"

वर.

"तुमाले न्याले?"

खाली.

"आईले?"

खाली. माझा जीव भांड्यात पडला.

पुढे मी काही विचारलंच नाही. घरात आम्ही तिघंच.

तरी बाबांची नजर वर गेली... आणि डोळ्यांतून पाणी आलं.

त्याच संध्याकाळच्या बसने मी ऊर्जानगरला पळालो. चार महिने झाले. आजारी बाप म्हाताऱ्या आईवर टाकून आलो, याची लाज वाटते. ती फोनवर विचारते, "काऊन येत नाई रे?" मी ड्युटीचं कारण सांगतो.

काल मात्र ती खुशीत होती.

"तू गेला तवापासून लोटा भरलेलाच रायते. पाहुना गेला वाट्टे. ये आता."

कुठे गेला, हे मी तिला विचारलं नाही.