शारजा म्हणे दीड तास

जीशान पहिल्यांदा दुकानात आला तवाच माह्यासंग भांडला. घड्याळ काचेवर ठेवून म्हणे, "अय्यूबचाचा कुठं हाये? पोरीच्या हातात नाही देत मी."

"मंग यवतमाळले ने," मी म्हनलं. "तिथं पोट्टे भेटतीन."

एकोणीस वर्षाची होती मी. नववीत गणिताच्या सरसंग वाजलं, तवापासून शाळा सोडून आर्णीत अब्बाच्या घड्याळाच्या दुकानात बसत होती. याचं घड्याळ उघडलं तर आत रुई. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता तो. मशीनमधून उडालेली रुई त्याच्या केसात, भुवईवर... मी चिमट्यानं काढली, टिकटिक सुरू झाली. तो पाहतच राह्यला — घड्याळाकडे नाही.

मंग दर बाजाराच्या दिवशी तेच. रुई, चिमटा, भांडण.

"तुले घड्याळ वापरता येत नाही काय?"

"तुले गोड बोलता येत नाही काय?"

त्या साली कापूसच नाही आला. संक्रांतीले मालकानं जिनिंगले कुलूप लावलं. अन् होळीच्या बाजाराले हा तिकीट घेऊन हजर.

"परवा मुंबईहून विमान. दहाले निघते, साडेअकराले शारजा. दीडच तास, जेबा. यवतमाळले एसटी तेवढाच टाइम घेते. कायले तोंड फुगवून राह्यली?"

माह्यं डोस्कंच फिरलं. तिकीट हिसकलं.

"गधा हायेस. तिथली घडी आपल्यापेक्षा दीड तास मागं राह्यते. तिथले साडेअकरा म्हणजे आपला एक. तीन तास लागतीन. दोन हजार किलोमीटर. यवतमाळ म्हणे."

"तुले कसं माहीत?"

"तुह्या अम्मीनं शारजाच्या कामाचं सांगतलं तवाच नेट कॅफेत जाऊन पाह्यलं."

त्याचं तोंड उतरलं. "मले वाटलं... जवळच हाये."

"घड्याळ दे इकडं."

उघडलं. आत ताजी, पांढरी रुई.

"जिनिंग दोन महिन्यापासून बंद. हे रुई कुठची?"

खाली पाहून राह्यला. "...उशीतली."

"कोणाच्या?"

"माह्याच. अर्धी रिकामी झाली."

मले हसू येऊन राह्यलं होतं, म्हणून अजूनच राग आला. "मंग इतके दिवस तोंडात बी रुईच भरली होती काय?"

"आता बोलतो ना. जेबा, तू... माह्यासाठी थांबशीन?"

"मले काय विचारतं? अब्बाले विचार."

"दोन वर्षानं आलो की —"

"आज." घड्याळ ड्रावरमध्ये टाकलं, किल्ली मुठीत धरली. "अब्बा नमाजले गेले, दहा मिनिटात येतीन. तीन तास विमानात बसशीन ना? मंग दहा मिनिट इथं बस."

बसला. घाम पुसे, दाराकडे पाहे.

"पाणी हाये काय?"

दिलं नाही.

दारात अब्बाची चप्पल वाजली. जीशान उभा राह्यला. आवाज फाटला त्याचा, पण निंघाला — "चाचा, मले जेबाबद्दल बोलाचं हाये..."

मी ड्रावर उघडला. खाली मान घालून त्याच्या घड्याळाचे काटे दीड तास मागं केले.