आजोबांचं वय एकतीस

आजोबा फुटपाथच्या कडेला उभे होते. त्यांना रस्ता ओलांडायचा नव्हता. दुसऱ्या अंकानंतर बराच वेळ काम नसे, म्हणून ते नाट्यगृहाच्या मागच्या दारानं बाहेर येऊन वारा खात. इतक्यात समोरच्या दुकानात डोळे तपासून चष्मे देणारी मुलगी लगबगीनं आली, "चला आजोबा... सावकाश," म्हणाली आणि हात धरून त्यांना पलीकडे घेऊन गेली.

आजोबा मुकाट्यानं गेले. हात मऊ होता – आणि आजोबांचं वय एकतीस होतं.

नाटकमंडळीत सगळेच त्याला आजोबा म्हणत. ऐन तारुण्यात, एक बुजुर्ग नट ऐनवेळी आजारी पडला म्हणून याला दाढी चिकटवली. काम इतकं झकास झालं की पुन्हा कुणी त्याला साठीच्या खाली उतरू दिलं नाही. न्यायाधीश, हेडमास्तर, आंधळा घड्याळजी, नायकाचा बाप... नायक त्याच्याहून बराच थोराड. आई म्हणे, "याला नातवंडं ढीगभर झाली, सून तेवढी यायची राहिलीय."

त्यात दिग्दर्शक मास्तरांचा नियम कडक. एकदा रंग चढला की उतरेपर्यंत म्हातारपण सोडायचं नाही, चहा पितानासुद्धा. त्यामुळे रंगात असताना तिला खरं सांगता येईना. सुट्टीच्या दिवशी रंगाविना दुकानात गेला, तर "काय दाखवू?" एवढं तिनं विचारताच याची बोबडी वळली. तरुण माणसाचे संवाद त्याला कुणी दिलेच नव्हते. चष्म्याचं घर विकत घेऊन परत आला. त्याला चष्मा नाही.

मग दर प्रयोगाला तेच. दुसरा अंक संपला की आजोबा कडेला हजर.

"आज खोकला नाही वाटतं?"

"आहे की," म्हणून आजोबा खोकले.

"आजी कशा आहेत?"

"आजी... नाही."

"अरेरे. कधी गेल्या?"

"अजून आलीच – " आजोबांनी जीभ चावली. "आठवत नाही गं, पोरी. वय झालं."

ती ओठ दाबून रस्त्याकडे पाहत राहिली.

एक दिवस पाऊस भुरभुरत होता. तिनं छत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि म्हणाली, "आजोबा, सल्ला हवाय. उद्या मामा एका मुलाला घरी आणतोय. शिकलेला आहे, स्वभावानंही बरा आहे म्हणे... हो म्हणू?"

आजोबा जागच्या जागी थांबले. रंगमंचावर त्यांनी कितीतरी लेकी डोक्यावर हात ठेवून सासरी धाडल्या होत्या. "सुखी राहा, पोरी," एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं... वाक्य काही येईना. त्यांनी काठी काखेत मारली, कानापाशी दाढी धरली आणि ओढली. डिंक चांगल्या प्रतीचा होता. अर्धी दाढी हातात आली, उरलेलीनं गाल सोडायला साफ नकार दिला.

"नको म्हण," तो म्हणाला. आवाज एकाएकी तरुण झाला होता. "म्हणजे... नको म्हणा. मी एकतीसचा आहे. म्हातारा फक्त पोटापाण्यापुरता."

"ठाऊक आहे," ती छत्री सावरत म्हणाली.

"कधीपासून?"

"दुसऱ्या भेटीपासून. पहिल्यांदा डाव्या पायानं लंगडत होतात, दुसऱ्यांदा उजव्या."

घाव वर्मी बसला. प्रेम क्षणभर बाजूला राहिलं, आधी कला दुखावली.

"मग तो... शिकलेला?"

"मला मामाच नाही."

"आणि तरी रोज माझा हात धरून – ?"

आता अडखळायची पाळी तिची होती. "आजोबांचा हात धरला की लोक कौतुक करतात. तुमचा धरला असता... तर चौकशी केली असती."

"आणि आता?"

तिनं त्याच्या उघड्या पडलेल्या गालाकडे पाहिलं. बोटं त्याच्या बोटांत गुंफली. "होऊ दे की चौकशी."

आत घंटा झाली. तिसऱ्या अंकात आजोबांना अंथरुणावर प्राण सोडायचे होते. हनुवटीवर चादर ओढून त्यांनी ते सोडलेही. पण मेल्यावरही चेहऱ्यावरचं हसू काही केल्या जाईना. मास्तर विंगेत मुठी आवळत होते. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मात्र डोळे पुसत शेजारणीला सांगितलं, "पुण्यवान माणूस हो. किती सुखानं गेला."