आबांची एकेरी रेघ

“पोकळ नसलेली अक्षरं मिळतील का हो तुमच्याकडे?”

महाडच्या बाजारपेठेतल्या आपल्या डीटीपीच्या दुकानात अस्मिताने मान वर केली. दारात शेजारच्या भांडीवाल्यांचा रुचिर, श्रावणसरीत चिंब. नावं कोरायचं नवं मशीन त्याने आणलं होतं, पण ते अक्षराच्या कडेकडेनेच फिरायचं. हसू नये, तरी ती हसली.

“एकेरी रेघेचा फॉन्ट लागेल. संगणकावर कोरलमध्ये एकेक अक्षर काढीन. नमुना आणा.”

त्याच्या आजोबांनी, चिंतामणी आबांनी, हाताने नावं कोरलेली जुनी भांडी तो आणू लागला. रोज एकच! ती कागद ठेवून पेन्सिल घासायची, स्कॅन करायची आणि पडद्यावर डावीकडून उजवीकडे रेघ ओढायची. आबांची रेघ मात्र उजवीकडून निघालेली दिसे.

“डावरे होते?”

“होय... जाऊन तेरा वर्षं झाली. रेघेवरून माणूस ओळखता? मग मलाही ओळखा की.”

“तुमच्यावर कुठे काय कोरलंय!”

पंधरा दिवसांत फक्त ‘अ’ राहिला. “रविवारी ठाण्याचा मुलगा मला बघायला येतोय,” ती म्हणाली. “त्याआधी संपवू या.” रुचिरचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्याने काळा पडलेला एक तांब्या मुकाट्याने पुढे ठेवला.

तिने चिंच लावून घासला. ‘अ’ दिसला. मग ‘स्मि’. मग ‘ता’... तिच्या अंगावर काटा आला. रेघा उजवीकडूनच निघाल्या होत्या.

“तुमच्या घरात अस्मिता कोण?”

“कोणीच नाही. येणाऱ्या सुनेचा तांब्या आबा आधीच कोरून ठेवायचे. आईचाही, तिला बघण्याआधी. नाव कुठून कळायचं, ते कधी बोलले नाहीत.”

“आणि हा आजच सापडला?”

“पहिल्याच दिवशी. लपवला मी. तुला आबांनी नाही... मी विचारावं, असं वाटत होतं.”

त्या ‘तुला’ने तिचा जीव गलबलला. भीती होतीच.

“गेलेल्या माणसाच्या शब्दावर मी लग्न करणार नाही, रुचिर.”

“माझ्या शब्दावर?”

‘अ’ची रेघ डावीकडून ओढून तिने फॉन्ट पुरा केला. मग त्याच्या दुकानात जाऊन मशीनवर पितळी पट्टी लावली आणि दोनच अक्षरं टाईप केली. होय.

सुई हलली. क्षणभर थांबली, सरकत उजव्या टोकाला गेली आणि तिथून उलटी कोरत आली.

रुचिरचा हात तिने घट्ट धरला.

“आबा,” ती म्हणाली, “हे ‘होय’ माझं आहे हं. तुमचं नाही.”